चढणारी पाटी

शनिवारी आत्या दुकान विकणार होती, आणि त्याचं घरात कोणालाच काही वाटत नव्हतं.

चिमटाला वाटत होतं. सुट्टी लागताच ती आत्याकडे राहायला आली होती. सोबत तिचा सात वर्षांचा भाऊ होता. बहिणीची पाठ सोडत नसे म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. तिला चिमटा म्हणत ते तिच्या बोलण्यामुळे. तिचं एक वाक्य लागलं की दोन दिवस वळ राही. आत्याचा मुलगा मोजपट्टी. आईची शिवणाची पिवळी टेप बारा महिने त्याच्या गळ्यात असे आणि दिसेल ते तो मोजत बसे, मग ते मांजर का असेना.

आत्या कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तीन मशिनं, एक लांब टेबल, भिंतीला थानांची रास. या एका खोलीच्या जिवावर तिने मुलगा वाढवला होता, दोन बायकांना काम दिलं होतं आणि कोणापुढे हात पसरला नव्हता. कापड घ्यायची तीही कशी? थान उलगडून, बोटांत चुरगाळून, एक धागा ओढून जाळून बघायची आणि मगच किमतीचं बोलायची. व्यापारी तिला टरकून असत.

पण आता तिचा गुडघा कुरकुरत होता. म्हातारपणाची सोय म्हणून तिने पाच वर्षांपूर्वी सागाचं एक झाड घेतलं होतं. घेतलं म्हणजे कागदावर. गावाबाहेर एका कंपनीची सागाची बाग होती. तुम्ही झाडाचे पैसे भरायचे, कंपनी ते वाढवणार, वीस वर्षांनी तोडून लाकूड विकणार आणि तुम्हाला बसल्या जागी रग्गड पैसा. झाडाला तुमचा नंबर, आणि दरवर्षी त्याचा एक फोटो घरपोच. आत्याचा नंबर दोनशे बारा. आता कंपनीचं म्हणणं होतं की एका झाडाने काय होतंय, मोठ्या झाडांची अख्खी रांगच घ्या, लवकर तोडायला येतील. रांगेएवढे पैसे आत्याकडे नव्हते. दुकान होतं.

बुधवारी कंपनीचे साहेब आले. मुलांनी त्यांचं नाव गुळगुळीत ठेवलं होतं. केस गुळगुळीत, गाल गुळगुळीत, बोलणं तर असं की पाय ठेवला तर घसरावं. त्यांच्या अत्तराचा वास खोलीत शिरला आणि थानांना चिकटला. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं, तर दोन बोटांनी कपातून काढून खाल्लं. मग ती बोटं टेबलावरच्या कापडाला पुसली. गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कापडाला! हेच तिने केलं असतं तर आत्याने हातावर फूटपट्टी ओढली असती. आत्या मात्र हसून म्हणाली, राहू द्या, धुऊन टाकीन.

"ताई, झाड म्हणजे पोटचं पोर," साहेब म्हणाले. "फरक इतकाच, की झाड उलटून बोलत नाही." हे म्हणताना त्यांनी चिमटाकडे पाहिलं.

"झाडाला बिस्किटंही लागत नाहीत," चिमटा म्हणाली.

आत्याने डोळे वटारले. शेजारचे मास्तर आणि समोरच्या डॉक्टरीणबाईही चहाला आल्या होत्या. आत्याबरोबरच घेतलेलं त्यांचंही एकेक झाड बागेत होतं. दोघंही साहेबांच्या विनोदाला मान डोलवून हसली. मोठी माणसं अशी हसायला लागली की बघवत नाही.

या सगळ्यात मोजपट्टीने फोटोंचा अल्बम ओढून घेतला होता. पाच वर्षांचे पाच फोटो. प्रत्येकात झाड आधीपेक्षा मोठं, त्यावर दोनशे बाराची पत्र्याची पाटी आणि शेजारी उभा तोच राखणदार, त्याच खाकी शर्टात.

"पहिल्या वर्षी पाटी त्याच्या पट्ट्याशी आहे," तो बोट ठेवत म्हणाला. "मग खालून दुसऱ्या बटणाशी, मग तिसऱ्या, मग चौथ्या. यंदा हनुवटीला लागलीय. दोन बटणांत साडेतीन इंच धरले तर पाटी फूटभराच्या वर चढली."

"हुशार आहे पोरगा," साहेब म्हणाले. "झाड वाढतं, तशी पाटीपण वर जाते. निसर्ग आहे."

मास्तरांनी निसर्गाला दुजोरा दिला. हे मास्तर शाळेत विज्ञान शिकवत.

चिमटाला काहीतरी टोचलं. काय ते कळेना. ती उठली आणि दोघांना घेऊन गल्लीच्या टोकाला सुतारकाकांच्या कारखान्यावर गेली. दारात एक जुनं झाड होतं आणि त्यावर एक खिळा. काका उमेदवारीला लागले त्या दिवशी त्यांनी तो स्वतः ठोकला होता. चाळीस वर्षं ते कामावर आले की शर्ट काढून त्या खिळ्याला अडकवत. चिमटाने पाहिलं. खिळा काकांच्या खांद्याशीच होता.

"काका, झाड वाढलं तसा हा वर नाही गेला?"

काकांनी रंधा थांबवला. "वर गेला असता तर शर्ट काढायला मला शिडी लागली असती. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोड जागच्या जागी जाड होतं आणि खिळा गिळतं. बघ, मुंडकं तेवढं बाहेर राहिलंय."

मोजपट्टीने जमिनीपासून खिळ्यापर्यंत टेप लावून आकडा वहीत लिहिला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरी येऊन आत्याला सांगितलं, तर ती उखडली. साहेब एवढे शिकलेले, मास्तर एवढे शिकलेले, ते खोटे आणि तुमचा सुतार खरा? तिचा एकदाचा जीव सुटतोय या मशिनातून, तर पोरं त्यात पाचर मारतायत. चिमटाने विचारलं, आत्या, तू ते झाड कधी हात लावून पाहिलंस का? आत्या म्हणाली, शनिवारी नेणारच आहेत, झाड दाखवणार आणि तिथेच कागदावर सह्या. मग तिने मशीन इतक्या जोरात चालवलं की पुढचं बोलणं बुडालं.

गुरुवारी सकाळी तिघं दोन सायकलींवर बागेकडे निघाले.

रस्त्याकडेला मोठा रंगीत फलक होता. फलकामागे सागाची झाडं ओळीने उभी. ओळ संपली की बाग संपली. पुढे नुसतं माळरान, त्यावर गावाचा कचरा, कुजका भाजीपाला, फाटक्या गाद्या आणि एक मेलेलं कुत्रं. शेपटाने नाक दाबलं.

"हजार झाडं म्हणाले होते ना?" तो नाकातून म्हणाला.

"बावीस आहेत," मोजपट्टी म्हणाला. त्याने मोजली होती.

एकाही झाडावर पाटी नव्हती. राखणदार सावलीत बाजेवर बसून पायाची नखं कापत होता. शेजारी त्याचा उघडा डबा होता, आणि नखं उडून कुठे पडतायत याची त्याला फिकीर नव्हती. आम्हाला दोनशे बारा नंबरचं झाड बघायचंय, असं चिमटाने सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, झाडं शनिवारी असतात, बसबरोबर या. बाजेखाली तेलाचा एक डबा होता. त्यातून पत्र्याच्या पाट्यांच्या कडा डोकावत होत्या.

परत जाताना चिमटा रस्त्यालगतच्या पाच झाडांपाशी थांबली. पहिलं मनगटाएवढं, दुसरं त्याहून जाड, पाचवं तर कवेत मावेल न मावेल असं.

"रेडीमेड शर्टासारखं आहे," मोजपट्टी पुटपुटला. "लहान, मध्यम, मोठं. दरवर्षी पुढच्या मापाच्या झाडापुढे फोटो काढायचा. पाटी मुद्दाम वर लावायची, म्हणजे झाड वाढल्यासारखं दिसतं!"

पाचव्या झाडाच्या खोडावर, हनुवटीच्या उंचीला, खिळ्यांची भोकंच भोकं होती. शंभरेक तरी असतील. साल सडून काळी पडली होती, भोकांतून चिकट पाणी गळत होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. चिमटाला इतकी शिसारी आली की ती रस्त्याकडेला जाऊन थुंकली. अत्तर लावणारी माणसं इथे येऊन हे करत होती.

आत्या सांगून ऐकणार नव्हती. तिला दाखवायलाच हवं होतं. आणि साहेब एका वेळी एकाच घराला झाडापाशी नेत, हे आत्यानेच कौतुकाने सांगितलं होतं. प्रत्येकाला आपल्या झाडाशी एकांत मिळावा म्हणे. मग झाडाला मिठी मारायची आणि साहेब फोटो काढणार.

"मिठी मारायची?" चिमटाने पुन्हा विचारलं. मग ती दुकानात गेली आणि टेबलाच्या खणातून आत्याच्या निळ्या खडूंची पेटी उचलून घेऊन आली. कापडावर खुणा करायचा तो खडू. अंगाला लागला तर झटकून जात नाही, धुवावा लागतो.

शनिवारी कंपनीची बस आली. आत्या, तिच्यासोबत तिन्ही मुलं, मास्तर, डॉक्टरीणबाई आणि आणखी चार घरं. फलकाआड, झाडं दिसणार नाहीत अशा पत्र्याच्या शेडमध्ये सरबत होतं, टेबलावर कागद मांडले होते आणि पेनाचं टोपण काढून ठेवलेलं होतं.

उतरल्या उतरल्या शेपटाला शू लागली. कोणीतरी झाडामागे जा म्हणालं. तो गेला. खिशात कुटून आणलेली खडूची पूड होती. त्याने पाचव्या झाडाला छातीपासून कमरेपर्यंत ती चोळून टाकली, समोरून, बाजूने, सालीच्या भेगांत. मग खरंच शू करून आला. राखणदाराने निळं खोड पाहिलं आणि साहेबांनी औषध मारलं असेल समजून तो भोकं झाकत पाटी अडकवायला लागला; साहेबांना वाटलं, राखणदाराने मारलं असेल.

पहिली आत्या गेली. परत आली ती डोळे पुसत. माझं झाड केवढं झालंय, म्हणाली. तिच्या पदरावर निळा पट्टा होता. मग मास्तर गेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या छातीवर निळा डाग. मग डॉक्टरीणबाई, त्यांच्या दोन्ही बाह्या निळ्या. उरलेली चार घरंही एकेक करून गेली आणि निळी होऊन आली. सगळी बाकावर बसून सरबत पीत होती आणि कोणाचंही लक्ष दुसऱ्याकडे नव्हतं. ज्याला त्याला आपलंच झाड दिसत होतं.

साहेबांनी आत्यापुढे दुकानाचा कागद सरकवला.

"आत्या," चिमटा म्हणाली, "सही करायच्या आधी मास्तरांचा शर्ट बघ."

"आता काय मध्येच?"

"डागाला हात लाव."

आत्या चिडूनच वळली. पण डाग म्हटल्यावर तिचा हात आपोआप पुढे झाला. तीस वर्षांची सवय होती. तिने मास्तरांच्या छातीवरचं निळं बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. मग डॉक्टरीणबाईंची बाही पाहिली. मग स्वतःचा पदर.

"हा माझा खडू आहे," ती हळूच म्हणाली. "हा इथे कसा?"

"आम्ही झाडाला लावला. एकाच झाडाला," चिमटा म्हणाली. "मास्तर, तुमचं झाड कितवं?"

मास्तरांनी आपल्या शर्टाकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंच्या बाहीकडे.

आत्या उठली. साहेब मध्ये आले, ताई ऊन आहे, ताई बसा. तिने त्यांना असं बाजूला सारलं की ते बाकावर आदळले. दुखऱ्या गुडघ्याने ती झाडापाशी गेली. तिथे आता दुसऱ्याच कोणाची पाटी लटकत होती. तिने सालीवरून हात फिरवला आणि बोटं त्या भोकांत गेली, चिकट झाली. मग बाजेपाशी आली, तेलाचा डबा उचलला आणि साहेबांच्या पायांवर पालथा केला. पाट्या खणखणत पसरल्या. शेपटाने त्यातून दोनशे बारा हुडकून तिच्या हातात दिली.

"तीस वर्षांत मी वीतभर कापड हात लावल्याशिवाय घेतलं नाही," आत्या साहेबांना म्हणाली. "आणि तुझ्याकडून झाड घेतलं फोटोवर. मलाच माझी किळस येतेय. तुझी तर विचारू नकोस."

साहेब बसकडे पळाले. पण ड्रायव्हरने किल्ली खिशात घातली होती. त्याच्या पगारातून कापून त्यालाही कंपनीने एक झाड दिलं होतं, नंबर सत्त्याण्णव. डॉक्टरीणबाईंनी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत तो दाराला पाठ लावून उभा राहिला, हलला नाही. अत्तरावर घाम फुटल्याचा वास कसा असतो, ते मुलांना त्या दिवशी कळलं.

इन्स्पेक्टरांनी तिघांचं तोंडभरून कौतुक केलं. मोजपट्टीची वही पुरावा म्हणून मागून घेतली. डॉक्टरीणबाईंनी चिमटाचे दोन्ही हात धरले. मास्तर म्हणाले की त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. चिमटाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते लगबगीने बसकडे निघाले.

झाडाचे पैसे परत यायचे तेव्हा येतील. दुकान मात्र राहिलं. सोमवारी आत्याने आपली मोठी कात्री, जिला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती, ती चिमटापुढे ठेवली आणि म्हणाली, चल, कापायला शीक. बोलण्याने कापतेसच, आता कापडही काप.

दोनशे बाराची पाटी तिने पोलिसांकडून मागून घेतली होती. सुतारकाकांना बोलावून तिने ती दुकानाच्या चौकटीवर ठोकून घेतली, बरोबर कमरेच्या उंचीला. मोजपट्टीने टेप लावून खात्री केली. दुपारी कापडाचा व्यापारी आला, पाटी पाहून हे काय म्हणून विचारू लागला.

"माझं झाड," आत्या म्हणाली. "इंचभरही हलत नाही. आता ते थान उघड."