कूलरपुढची जागा

“पंचेचाळीस, सेहेचाळीस… हलू नको ना बे! सत्तेचाळीस!”

गुरांच्या कोठ्याच्या दारात बसून दामिनी आपल्या मामेभावाच्या, प्रफुल्लच्या, पाठीवरचे लाल फोड मोजत होती. काडीनं मोजत होती, कारण बोट लावायची तिला मनाई होती.

“फक्त सत्तेचाळीस?” प्रफुल्ल हिरमुसला. “परवा त सत्तर होते! पूनमताईले अजून साठ आहेत. बाबाचे त मोजताच येत नाही, एकावर एक चढून राहिले!”

तिगावच्या त्या घरात दहा दिवसांपासून खाज मुक्कामाला आली होती. आणि साधीसुधी खाज नव्हे! गुणवंतामामांनी पाठ घासून घासून दाराची चौकट एवढी चकचकीत केली होती, की तिच्यात तोंड पाहून दाढी करावी. उर्मिलामामी एका हातानं पोळी लाटत आणि दुसऱ्या हातानं खाजवत, त्यामुळे ताटात रोज नव्या देशाचा नकाशा पडत असे. घरचं मांजर तिसऱ्याच दिवशी बिऱ्हाड उचलून शेजारी राहायला गेलं, ते परत आलंच नाही.

या सगळ्याचा गुन्हेगार मात्र घरानं केव्हाच ठरवून टाकला होता. दामिनी!

दामिनी सौंसरची, तेरा वर्षांची. तिच्या वडिलांचं नागपूरला ऑपरेशन होतं, आई त्यांच्यासोबत दवाखान्यात होती, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मामाकडे सोडलं होतं. तिच्या कोपरावर लहानपणापासून एक कोरडा चट्टा होता. थंडीत वाढायचा, मलम लावलं की दबायचा. ती आली आणि दोनच दिवसांत घरभर फोड उठले. झालं!

मामींचे चुलतभाऊ रघुनाथराव पांढुर्ण्याच्या एका औषधाच्या दुकानात पुड्या बांधता बांधता म्हातारे झाले होते. आता ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात हिरवं मलम कालवून विकत आणि लोकांनी आपल्याला डॉक्टर म्हणावं अशी अपेक्षा ठेवत. त्यांनी दहा हात लांबून तो चट्टा पाहिला आणि निकाल दिला, “हेच मूळ!”

त्याच संध्याकाळी दामिनीची सतरंजी कोठ्यात गेली. सोबतीला दोन गाई आणि एक बकरी. जेवण पत्रावळीवर, पाणी वरून. मामींनी तर साऱ्या गल्लीत घरोघर फिरून ही बातमी पोचवली. ती बाहेर दिसली की गल्लीतली पोरं “खुजली एक्सप्रेस आली, पळा!” असं ओरडत आणि तोंडानं शिट्टी वाजवत पळत.

आईला फोन करावा, तर तिकडे बाबांच्या पोटाला टाके. दामिनी रोज फोनवर सांगायची, “मी मजेत आहो.”

“काय वं, मोजून झाले काय?” पूनम कमरेवर हात ठेवून अंगणात उभी होती. प्रफुल्लची मोठी बहीण, वय चौदा, जीभ चाळीशीची. “उद्या दहा वाजता कटिंगवाला मंगेश येऊन राहिला. रघुमामा म्हणते बिमारी तुह्या केसांत बसली. पूर्ण टक्कल! मी फोटो काढीन, हां. स्टेटसवर ठेवीन.”

दामिनीचा हात वेणीवर गेला. कमरेपर्यंत आलेली वेणी होती ती. शाळेतल्या पोरी फूटपट्टी लावून मोजायच्या! आणि उद्या दहा वाजता? पण पूनमसमोर रडण्यापेक्षा बकरीचा चारा खाल्लेला बरा, असं ठरवून तिनं आपली बाही वर केली.

“पूनम, माह्या हाताकडे पाह्य बरं.”

“मी नाही पाहत!”

“लांबूनच पाह्य. आल्या आल्या दोन दिवस मी तुमच्याच सोबत झोपली, तेव्हा मलेही फोड आले होते. आता आहे काय एक तरी?”

नव्हता. जुना चट्टा तेवढा होता, बाकी कातडी स्वच्छ.

“मी मूळ, त मग मीच पहिले बरी कशी झाली?”

‘नाही पाहत’ म्हणणारी पूनम दोन पावलं पुढे येऊन हात पाहू लागली.

“आणि मी!” प्रफुल्ल ओरडला. “पैज हारलो म्हणून दोन दिवसांपासून मी हिची चादर पांघरून आबाजींच्या खाटेवर अंगणात झोपून राहिलो. मले नवा फोडच नाही आला!”

“हिची चादर? घाणेरड्या!”

“घाणेरडा त घाणेरडा. माहे सत्तेचाळीस, तुहे साठ!”

दामिनीनं तीच काडी जमिनीवर टेकवली आणि धुळीत घर काढलं. “कोण कुठं झोपते, सांगा.”

मामा घराचे मालक, म्हणून अगदी कूलरपुढे. त्यांच्या बाजूला पूनम. भिंतीकडे मामी, त्यांना फोड जरा कमी. आबाजी, म्हणजे दामिनीचे आजोबा पुंडलिकराव, अंगणात निंबाखाली. त्यांच्या अंगावर एक फोड नाही!

“आणि कूलर कुठं आहे?”

“मागच्या खोलीच्या खिडकीत,” प्रफुल्ल म्हणाला. “तिकडे सावली असते ना. तू आली त्याच दिवशी लावला. तिथून हवा दारातून बैठकीत येते.”

“मागच्या खोलीत काय आहे?”

“कापूस. दिवाळीपासून आढ्यापर्यंत भरून आहे. भाव वाढेल म्हणून बाबा विकूनच नाही राहिले.”

“मग ती हवा कापसावरून येते?”

“हो ना! एकदम थंडगार! आम्ही दुपारभर त्याच्यावर घसरगुंडी…”

प्रफुल्ल मध्येच थांबला. पूनमही खाजवायची थांबली.

पाच मिनिटांत कोठ्यामागच्या उन्हात आबाजींची काळी छत्री उघडी पडली होती. प्रफुल्लनं मूठभर कापूस आणून तिच्यावर झटकला. बोंडअळीनं खाल्लेली पिवळट सरकी पडली, कचरा पडला, पिठासारखी बारीक धूळ पडली. आबाजी ज्या भिंगानं पेपर वाचत, ते भिंग दामिनीनं धुळीवर धरलं.

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

“माय वं!” पूनम किंचाळली. “धूळ चालून राहिली!”

खरंच! टाचणीच्या टोकाहून लहान, फिकट पिवळे जीव काळ्या कापडावर धावपळ करत होते, जसे काही बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्याला निघालेत! पूनमनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग छत्रीकडे, आणि ती इतक्या उंच उडाली की बकरीनं दोरी तोडली.

तिघं धावत मामांकडे गेले. दामिनी ओसरीच्या खाली थांबली, तिला वर चढायची बंदी होती. प्रफुल्लनं तोंड उघडलं आणि “कापसात किडे” एवढं म्हणेपर्यंत त्याच्या गालावर चापट बसली.

“कापसाले नाव ठेवते? लक्ष्मी आहे ते!” मामा गरजले आणि पाठ चौकटीला घासत म्हणाले, “चार पिढ्या कापसावर लोळल्या आमच्या! हे त्या पोट्टीनंच शिकवलं तुले. उद्या केस उतरले म्हणजे अक्कल येईल!”

“पण बाबा, भिंगातून…”

दुसरी चापट.

कोठ्यात परतल्यावर प्रफुल्ल गाल चोळत म्हणाला, “आता?”

“आपलं कोणी नाही ऐकणार,” दामिनी हळूच म्हणाली. “ज्याचं ऐकतात, त्याच्याच अंगावर दाखवावं लागेल. रघुमामा कधी येऊन राहिले?”

“आज दुपारच्या गाडीनं,” पूनम म्हणाली. “उद्या टक्कल नीट झालं की नाही ते पाहायले.”

दामिनी हसली. काही गोड हसू नव्हतं ते.

रघुनाथराव आले ते नाकाला रुमाल लावूनच. दामिनी मुद्दाम अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, “रघुमामा, तुम्ही मले कधी शिवले त नाही ना? माह्या हातचं पाणी? माही चादर?”

“छे! छे!” रघुनाथरावांनी छाती फुगवली. “म्हणूनच माझं अंग बघ, काचेसारखं! तुझ्यापासून दहा हात लांब राहिलं की माणूस सुरक्षित! लिहून देतो!”

“ऐकलं ना, मामी?”

“ऐकलं, ऐकलं. शीक काही दादाकडून!” मामी म्हणाल्या.

पूनमनं मग अशी आदबीनं मान लववली, की तिच्या शाळेतल्या बाईंना भोवळ आली असती. “रघुमामा, उन्हातून आले तुम्ही. आज कूलरपुढची जागा तुमची!”

मामांना जागा सोडणं जिवावर आलं होतं, पण पाहुण्यापुढे काय बोलणार? प्रफुल्लनं गादी आणली. तिच्यावर उशी ठेवली, तीही मागच्या ढिगातला कापूस आत्ताच दाबून भरलेली. पूनमनं मागच्या खोलीचं दार दोन्ही फळ्यांनी सताड उघडलं. रघुनाथरावांनी सदरा काढला, उघड्या पाठीवर थंड वारा घेतला आणि असे घोरू लागले, की कोठ्यातल्या दोन्ही गाई वासरू हरवल्यासारख्या हंबरल्या. संध्याकाळी उठले, जेवले, आणि म्हणाले, “जागा मस्त आहे, रात्री पण इथंच.”

“दामिनीताई,” प्रफुल्ल कोठ्यात येऊन कुजबुजला, “लय फुटून जाईल ना तो? पूर्ण उघडा झोपून राहिला.”

“फुटू दे.”

“दया नाही येत?”

“त्याले माह्यावर आली होती काय?”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंगेशनं अंगणात पेटी उघडली. रघुनाथराव अजून आतच होते. “गाढ झोप लागली दादाले,” मामी म्हणाल्या. त्यांनी झाडूच्या दांड्यानं दामिनीला पाटाकडे ढकललं. गल्लीतले चेहरे कुंपणावर टांगल्यासारखे दिसू लागले.

“मामी, रघुमामाले उठू द्या. मग कापा.”

“गुमान बस!”

दामिनीनं आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी पेपर वर धरला.

मंगेशलाही अवघड झालं होतं. “टोकापासून घेतो,” तो पुटपुटला. कैची करकरली. वीतभर वेणी मातीत पडली. कुंपणावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

आणि तेवढ्यात बैठकीतून अशी आरोळी आली, की निंबावरचे कावळे थेट सौंसरच्या दिशेनं उडाले!

रघुनाथराव बाहेर आले. आले कसले, घरंगळत आले! पाठ, पोट, मान, कान, सगळीकडे लालबुंद फोड. वाळूत सोडलेल्या गाढवासारखे ते अंगणात लोळले. मग उठून निंबाच्या खोडाला भिडले. “खाजवा! अरे, कोणी तरी खाजवा रे!”

मंगेशची कैची हवेतच राहिली. दामिनी पाटावरून उठली.

“रघुमामा, मले शिवले काय तुम्ही?”

“नाही! मलम आणा!”

“माह्या हातचं पाणी?”

“नाही म्हणलं ना! अगं उर्मिले, झाडू दे तो, झाडू!”

“दहा हात लांब होते ना? लिहून देत होते ना?” तिचा आवाज साऱ्या गल्लीभर गेला. “मग हे आलं कुठून?”

मामी झाडू घेऊन उभ्याच राहिल्या. प्रफुल्लनं सदरा वर करून साऱ्यांना पाठ दाखवली. “मी हिच्या चादरीत झोपलो, मी बरा होऊन राहिलो! रघुमामा कूलरपुढे झोपले, ते पाहा!” पूनमनं छत्री उघडून आबाजींच्या मांडीवर ठेवली, तीच ती उशी फाडून तिच्यावर झटकली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

आबाजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग मुलाच्या हातात दिलं. गुणवंतामामा वाकले, आणि त्यांचा चेहरा छत्रीच्या कापडासारखा काळवंडला.

“चालून राहिलं बापा,” ते एवढंच म्हणाले.

दुपारी सगळी वरात पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी एकेकाची पाठ पाहिली आणि पहिला प्रश्न केला, “घरात जुना कापूस साठवलाय का?” कापसातल्या अळ्यांवर जगणारे हे बारीक किडे उन्हाळ्यात फोफावतात आणि माणसाला चावतात, हे एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, कापूस आधी घराबाहेर काढा, असं त्या म्हणाल्या. दामिनीचं कोपर त्यांनी हातात धरून पाहिलं. “हे तर वेगळंच आहे. याच्यापासून कुणाला काही होत नाही.” दहा दिवसांत तिचा हात धरणारं ते पहिलं माणूस.

संध्याकाळी कापूस ट्रॅक्टरवर चढला. रघुनाथराव स्वतःचं मलम न लावताच, डॉक्टरांची ट्यूब खिशात घालून स्टेशनवर गेले.

“शाब्बास!” आबाजी अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले. “पोट्टीनं घर वाचवलं! तिघांनीही डोकं चालवलं. पण दामिनीसारखी हुशार अख्ख्या खानदानात नाही.”

“मी त आधीच म्हणत होती,” मामी घाईनं म्हणाल्या, “पोरगी लय हुशार आहे!”

दामिनीनं मामींकडे पाहिलंच नाही. “आबाजी,” ती म्हणाली, “तुमच्या अंगावर एकही फोड नव्हता. तुम्ही मले जवळ बसवून पाहू शकत होते.”

आबाजींनी मान खाली घातली. मग ते एकदम कडक आवाजात म्हणाले, “उर्मिला, हिचं नाव किती घरी जाऊन सांगितलं तू?”

“असतील पाच-सहा…”

“एकवीस!” प्रफुल्ल म्हणाला. “मी होतो ना सोबत!”

“मग एकवीस घरी जायचं. आत्ताच. दामिनीले सोबत घेऊन, हात धरून. आमची चूक होती, पोरीची नव्हती, असं सांगायचं.”

मामींनी पदर सारखा केला. दामिनीनं हात पुढे केला. मामींनी तो धरला, आधी दोन बोटांनी, मग आबाजी पाहत होते म्हणून पूर्ण.

पहिल्या दारात मामींचा आवाज चुलीतल्या धुरासारखा निघाला.

“मामी, जोरात सांगा ना,” दामिनी म्हणाली. “शेवंताआजीले कमी ऐकू येते.”

शेवंताआजीनं ऐकलं, तोंडावर हात मारला, आणि दामिनीला उंबऱ्याच्या आत ओढून गुळाचा खडा दिला. “केवढी अक्कल वं पोरीले! आणि तुम्ही गुरांत ठेवलं हिले?” दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी माणसं बाहेर येऊन ऐकू लागली. शिट्ट्या वाजवणारी पोरं मागे मागे चालत होती, पण आता मुकाट्यानं.

चौदाव्या घराबाहेर मामी दगडावर बसल्या. तोंड कोरडं पडलं होतं, डोळे भरून आले होते.

“बस कर ना वं माय,” त्या म्हणाल्या. “समजलं आता सगळ्याले.”

दामिनीनं त्या घरातून तांब्याभर पाणी मागून आणलं आणि त्यांच्यापुढे केलं. त्या पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग तिनं त्यांचा हात पुन्हा घट्ट धरला.

“उठा, मामी. अजून सात राहिले.”