जोडघराची मधली भिंत

इंग्लंडात डॉर्सेटला एका लॉर्डसाहेबांच्या जहागिरीत मी गवंडी होतो. मजुरांची घरं सगळी जोडीजोडीनं बांधलेली. मध्ये एक भिंत, दोन्ही चुलींना मिळून एकच धुराडं, आणि दारं मात्र दोन टोकांना. लॉर्डसाहेबांच्या बग्गीतून दारात उभी माणसं दिसू नयेत म्हणून. त्यामुळे शेजारणी भिंतीवर ठोकूनच एकमेकींशी बोलायच्या.

त्या नोव्हेंबरात कारभाऱ्यानं मला लव्हिनिया स्प्रेक या म्हाताऱ्या विधवेकडे धाडलं. शेजारची हेप्झी वारून वर्ष झालं होतं. मधली भिंत फोडून दोन घरांचं एक करायचं, तिथं मोठं कुटुंब आणायचं, आणि म्हातारीची रवानगी गरीबखान्यात.

"आधी हेप्झीला विचार हो," चहा ओतत ती म्हणाली.

"आजी, ती काय कबरीतून उत्तर देणार?"

"जीभ अगदी बापासारखी आहे तुझी. रोज संध्याकाळी ठोकते ती. नाहीतर माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?"

मी हसलो. छिन्नी लावून चुलीशेजारची एक वीट ओढून काढली.

पलीकडून उजेड आला. ताज्या पावाचा वास आला... मी वाकून पाहिलं. तिथली चूल पेटलेली होती.

घराला वळसा घालून मी धावत पलीकडे गेलो. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर खोली ओसाड. चुलीत धुराड्यातून पडलेली ओली पानं.

परत आलो तर म्हातारी जागेवर नव्हती. कपातला चहा अजून वाफाळत होता. भोकातून दोघींची कुजबुज येत होती...

"मिसेस स्प्रेक?"

"वीट लाव रे, इनॉक," तिचा आवाज पलीकडून आला. "वारा येतोय आत..."

मी वीट परत लावली. चुना भरला. तेव्हा पलीकडूनही सांध्यावर थापी फिरल्याची खरखर ऐकू आली.

तळी उपसली, रान पालथं घातलं. म्हातारी सापडली नाही. ती भिंत फोडायला पुन्हा कुणी तयार होईना. शेवटी कारभाऱ्यानं म्हातारीचं ते घर मलाच दिलं. मी एकटा जीव, घेतलं. खरं सांगू? हिवाळ्यात त्या दोघींची कुजबुज ऐकत दोन घास गिळायला बरं वाटायचं.

काल मात्र त्या अचानक गप्प झाल्या. जरा वेळानं पलीकडे, टेबलाशी आणखी एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला.