हवेच्या फुग्यांवरचं इंजिन

माझ्या पोराला, अंगदला, ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचे नुसते पाय दिसत होते. बाकीची सगळी ट्रेलरच्या खाली.

दसरा तोंडावर आलेला. चकलांबा फाट्यावरच्या आमच्या दुकानात ऊसतोडीच्या गाड्यांची रांग. चाकं खोलायची, बेअरिंग धुवायचं, ग्रीस भरायचं... त्यात हा लांबलचक ट्रेलर एका अंगाला कलून रस्त्याकडेला थांबला. वर ताडपत्रीखाली इंजिन. विमानाच्या इंजिनाचंच भावंड म्हणे, पण हे आकाशात जात न्हाई, जमिनीवर बसून वीज करतं.

"कोण हाय खाली?" अंगदनं वाकून विचारलं.

"इंजिनीयर. तुम्ही कोण?"

"उजेड धरायला आलोय."

खालून हसू ऐकू आलं. मग ती सरपटत बाहेर आली. गालावर काळा पट्टा, वेणीत धूळ. अन् आमचं ध्यान बॅटरी तशीच तिच्या तोंडावर धरून उभं!

"आता बंद केली तरी चालेल," ती म्हणाली.

नाव सत्यशीला. पाटोद्याकडची. ट्रेलर हवेच्या रबरी फुग्यांवर चालतो, म्हणून इंजिनाला हादरा बसत न्हाई. त्यातला एक फुगा फुटलेला. नवा यायला दसरा उलटणार होता. मी म्हटलं, "मग पोरी, जेवण आमच्याकडं. नको म्हणलीस तर रागवीन."

जेवण झालं की दोघं दुकानात. मी भाजी निवडत बसायची, पण कान माझे तिकडंच.

"ग्रीस भरताय का श्रीखंड?" ती चिडवायची.

"तुमच्या इंजिनाला न्हाई लागत?"

"त्याला पातळ तेल. तेही थोडंच, पण बरोबर जागी फवारलेलं. आत बेअरिंगमध्ये गोळ्याच आहेत, तुमच्या गाडीसारख्या. फक्त लई जोरात पळतात."

"मग बंद इंजिन सकाळ-संध्याकाळ हातानं कशाला फिरवता?"

"फुगा फुटलाय, आणि शेजारून ट्रक धडधडत जातात ना... गोळ्या एकाच जागी बसून राहिल्या, की तिथंच खड्डा पाडतात. थोडं फिरवलं, की जागा बदलते."

अंगद तेच ते बेअरिंग पुसत राहिला. तीन ठिकाणच्या पोरी 'मेकॅनिक नको' म्हणून गेल्यापासून हा असाच एका जागी बसलाय, हे तिला कुठं ठाऊक?

खंडेनवमीला मी हळदीकुंकू घेऊन ट्रेलरवर चढले. एवढं मोठं यंत्र आपल्या दारात, बिनपूजेचं कसं ठेवायचं? ती झाकण उघडून इंजिन फिरवत होती. मी चिमूट उचलली, तोच ओरडली, "मावशी, हात आवरा!"

"कुंकवाला नको म्हणतीस?"

"बाहेर हवं तेवढं लावा. आत एक कण गेला, तरी बेअरिंग खातो." अन् झाकण लावून कपाळ पुढं केलं. "आधी मला लावा."

कुणी मला हात आवर म्हटलेलं मी खपवून घेत न्हाई. तिचं घेतलं.

त्याच दुपारी अंगद दुकानातल्या भंगारातून एक फुगा काढून पुसताना दिसला. बंद पडलेल्या आरामबसचा.

"तिला ठाऊक हाय का?"

"न्हाई."

"मग ठेव आत. जाईल ना ती!"

"आई, तिकडं गोळ्यांना मार बसतोय."

"अन् तुझं काय?"

त्यानं फुगा उचलला अन् गेला. मी मागनं, अर्थातच.

सत्यशीलेनं माप घेतलं, फोनवर विचारून घेतलं, हवा भरून पाहिली. जुळलं. मग थंड आवाजात म्हणाली, "हा कधीपासून होता तुमच्याकडं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आज आणला?"

"म्हटलं... अजून एक जेवण होईल." त्याची मान खाली. "चूक झाली."

ती ट्रेलरवर चढली. इंजिन हळूच फिरवलं, कान लावून ऐकलं. पोराची अब्रू त्या गोळ्यांवर टांगलेली.

"गुळगुळीत फिरतंय," ती म्हणाली. "नशीब तुमचं."

दसऱ्याच्या सकाळी ट्रेलर सरळ उभा राहिला. ड्रायव्हर चढून बसला. अंगदनं आपट्याचं पान पुढं केलं.

पान घेऊन ती म्हणाली, "इंजिन पोचलं की मी रेल्वेनं घरी जाते. ट्रेलर रिकामा याच रस्त्यानं परत येतो. रिकाम्याला इंजिनीयर लागत नाही."

त्याचं तोंड उतरलं.

"या वेळी मात्र ट्रेलरनंच येणार."

"कशाला?" आमच्या शहाण्यानं विचारलं!

"तुमचा फुगा परत द्यायला नको?" ती लाजली, अन् माझ्याकडं वळली. "आणि मावशींना विचारायचंय, सून मेकॅनिक चालंल का?"

"आलीस की हात तेवढे धुऊन जेवायला बस," मी म्हटलं.

ट्रेलर सावकाश गेला, एकही हादरा न देता. अंगद चाकापाशी बसून ग्रीस भरायला लागला. भरतोय, भरतोय... ग्रीस बाहेर येऊन कोपरापर्यंत आलं. गाडीवाला हरिबा ओरडला, "अरे अंगद, बास की!"

मी म्हटलं, "भरू दे त्याला."