खानाची छावणी

रुद्रमाळ गडाच्या पूर्व बुरुजावर कोवळे ऊन उतरले, तेव्हा गडाचा सरनोबत सुभानजी बेलोसे खाली वेढा घालून बसलेल्या खानाच्या तळाकडे पाहत होता, आणि त्याच्या मस्तकाची शीर तडतडत होती. कालपर्यंत जिथे नुसत्या राहुट्या होत्या, तिथे आज मेढी रोवल्या जात होत्या आणि गवताच्या भाऱ्यांनी ओळीने छपरे शाकारली जात होती.

तो तडक सदरेवर गेला. किल्लेदार त्र्यंबकराव पान जुळवीत बसले होते.

"सरकार, खानानं छावणी धरली. कापडाखालचं लष्कर पावसाच्या धाकानं उठतं. पण ज्यानं डोक्यावर गवत छावलं, तो पावसाळाभर हलत नाही. म्हणून तर तिला छावणी म्हणतात. गवत कोरडं आहे तोवर मला उतरू द्यावं."

"धीर धरा, सरनोबत. उतावीळपणानं गड राखले जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी दारूगोळा अपुरा निघाला, तिसऱ्या दिवशी मुहूर्त आडवा आला. खाली छपरे वाढत होती आणि सुभानजी मुठी आवळून बुरुजावर येरझारा घालत होता. अखेर त्याने हुकमाची वाट पाहणे सोडले. भर दुपारी, वारा सुटलेला पाहून, निवडक मावळ्यांनिशी तो चोरदिंडीने उतरला. डोक्यावर गवताचे भारे आणि भाऱ्यांत निखाऱ्यांची मडकी घेऊन, शाकारणाऱ्यांच्या गर्दीत मिसळून ते आत शिरले. घटकाभरात अवघी छावणी होळीसारखी पेटली. धुरातून तलवार चालवीत सुभानजी बाहेर पडला, तेव्हा बरोबरचे निम्मे गडी मागे राहिले होते.

चोरदिंडी आतून बंद होती. तटावरून म्हातारा पहारेकरी राणू नाईक डोकावला.

"मागं फिरा, सरनोबत. तुम्ही खाली असताना किल्लेदारांनी महादरवाजा उघडला. जहागिरीचा कौल त्यांनी खानाकडून आधीच घेतला होता."

वर बुरुजावर खानाचे निशाण चढत होते. सुभानजीने दिंडीवर एकदाच मूठ आपटली आणि उरलेल्या गड्यांना घेऊन रानात शिरला.

पुढच्याच आठवड्यात पाऊस कोसळला. ज्या लष्कराला छपरावाचून वेढा उठवून जावे लागले असते, ते गडावरच्या पक्क्या घरांत निवांत झोपले. मजल दरमजल करीत सुभानजी स्वराज्याच्या दुसऱ्या गडावर पोचला. तिथल्या हवालदाराने रुद्रमाळची हकीकत विचारली.

"छावणी आम्ही जाळली," सुभानजी म्हणाला, "पण खानाला तिची गरजच उरली नव्हती."