चेष्टा करतोय, मॅडमजी

फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या दारातच दोघांची टक्कर झाली. सुमेधाच्या हातात शेकाच्या पिशव्या, आणि समोरून येणारा तो... उजवा हात पोटाशी असा धरलेला, जणू शर्टात मांजराचं पिल्लू लपवलंय.

"अगंबाई! लागलं का तुम्हाला?"

"नाही हो. हा खांदा आधीच बिगडलेला आहे, त्याचं अजून काय बिगडणार!"

देवेंद्र त्याचं नाव. इंदूरच्याच एका कापड गिरणीत मागावर होता. स्कूटरवरून पडला, हाताला प्लास्टर लागलं, आणि प्लास्टर निघेपर्यंत गिरणीच बंद झाली. त्या धांदलीत खांद्याकडे बघायला फुरसत कुणाला? खांदा आखडून बसला. आता पीथमपूरच्या नव्या कारखान्यात त्याचा नंबर लागला होता. महिन्याभराने मेडिकल. हात सरळ डोक्यावर गेला तर नोकरी. नाहीतर देपालपूरला मामांच्या धान्याच्या दुकानात बसायचं, कायमचं.

भिंतीवर एक छोटी लाकडी शिडी ठोकलेली होती. बोटांनी एकेक पायरी चढायची. देवेंद्रची बोटं सहावीवरच अडायची.

"अजून एक," सुमेधा म्हणायची.

"मॅडमजी, आवाज इतका गोड आणि काम थानेदाराचं?"

"बोलायचं नाही. श्वास सोडायचा."

ओठ दाबून ती हसू गिळायची... पण डोळ्यांचं काय करणार?

पाचव्या दिवशी सातव्या पायरीवर त्याचा चेहरा असा पिळवटला की तिचाच जीव गलबलला. "खूप दुखतंय का हो?" तिने हळूच विचारलं.

त्याने मान खाली घातली आणि अगदी अदबीने म्हणाला, "नाही मॅडमजी... मी चेष्टा करतोय."

सुमेधाचे कान तापले. नुकतीच साताऱ्याहून इंदूरला काकूकडे आलेली ती. इतक्या मायेने विचारावं, आणि यांनी दुखण्याचं सोंग करावं?

"चेष्टा सुचते तुम्हाला? उद्यापासून शरद सर बघतील तुमच्याकडे!"

"पण मी तर पूर्ण मनाने चेष्टा..."

"पूर्ण मनाने!" सुमेधाने सर्रकन पडदा ओढला.

चार दिवस ती पडद्याअलीकडे दुसऱ्यांचे गुडघे वाकवत राहिली, आणि पलीकडून येणारा 'आई गं' कान देऊन ऐकत राहिली. पाचव्या दिवशी राजेंद्र नगरच्या घरी मटार सोलता सोलता तिने सुनंदाकाकूला सगळं सांगितलं. काकू इतकी हसली की मांडीवरचे दाणे फरशीभर झाले.

"अगं वेडे, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश! घरी आम्ही सगळे कोशिशच म्हणतो. पण तू पडलीस साताऱ्याची. तुझ्यासमोर शुद्ध बोलायला गेला असेल बिचारा." मग डोळे बारीक करून काकू म्हणाली, "चिडलीस ते ठीक... पण चार दिवस जेवत का नाहीयेस?"

सुमेधा दाणे वेचायला खाली वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पडदा बाजूला केला. "माझं चुकलं. आमच्याकडे त्याला... प्रयत्न म्हणतात."

"प्रयत्न," त्याने शब्द घोळवून पाहिला. "भोत भारी शब्द आहे. खांद्यापेक्षा भारी."

आणि दोघं खळखळून हसली.

मग पायऱ्या भराभर सरल्या. दहा, तेरा, पंधरा. ती त्याच्या पाठीच्या हाडावर तळवा टेकवायची, "श्वास सोडा" म्हणायची, आणि तो पुटपुटायचा, "तुम्ही हात ठेवला की सुटत नाही ना..." ती खिडकीबाहेर बघायची. बाहेर नुसती सायकली ठेवायची शेड होती.

मेडिकलच्या आदल्या दिवशी त्याने कारखान्याचा कागद पुढे केला. खांदा पूर्ण बरा आहे का, ते तिने लिहायचं होतं. तिने त्याचा हात वर नेला. कानापासून वीतभर अलीकडे तो थांबला.

'पूर्ण बरा' एवढे दोन शब्द लिहिले की झालं. नाहीतर देपालपूर... पण मशीनवर हा हात अडला तर? तिने लिहिलं – 'अजून सहा आठवडे उपचार हवेत. त्यानंतर पूर्ण काम करू शकतील.'

"रागवा हवं तर," ती म्हणाली.

त्याने कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवून निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो धापा टाकतच.

"पूर्ण बरे लिहून आणलेले दोघं मशीनपाशी उभं करताच पकडले गेले! माझा कागद बघून साहेब म्हणाले, याच्यावर भरोसा आहे. पुढच्या बॅचमध्ये घेतो. सहा आठवड्यांनी!"

सुमेधाचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मग रोज यायचं. चुकवायचं नाही."

"येईन. पण सातव्या आठवड्यात... कोणत्या बहाण्याने येऊ?"

"सातव्यात..." तिचा आवाज अगदी बारीक झाला, "तुमच्या आईंना घेऊन या. आमच्या काकूकडे."

"आईचा खांदा तर एकदम ठीक आहे," तो गोंधळून म्हणाला.

"देवेंद्र," पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं, "मी खांद्याबद्दल बोलत नाहीये."

तो दाराकडे वळला, परत फिरला...

"मग सातवा आठवडा कशाला? आई आजपण फुरसतीतच आहे!"