मानेसरची बोरं

आयएनए मार्केटात भर दुपारी एक मुलगी स्वतःच्याच डोक्यावर बोर टाकून बघत होती, आणि एवढ्या गर्दीत ते बघायला एकच माणूस थांबला होता.

दिल्लीचं बोर म्हणजे आपलं बोर नव्हे. लिंबाएवढं, हिरवंगार, गुळगुळीत, सफरचंदाशी सोयरीक सांगणारं. वैभवीने त्यातलं एक उचललं, हात डोक्यावर नेला, डोळे मिटून घेतले आणि सोडलं. टक्‌कन आवाज झाला. तिने टाळू चोळली आणि बोर मुकाट्याने टोपलीत परत ठेवलं. फळवाला वैतागून म्हणाला की बहनजी, ही खाण्याची चीज आहे, डोकं फोडण्याची नाही.

"बोरन्हाण आहे वाटतं," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

वैभवी गर्रकन वळली. ज्वारीच्या पिठाची पिशवी छातीशी धरून एक उंच, सावळा मुलगा उभा होता. मफलर अशी गुंडाळलेली की फक्त डोळे दिसावेत. उत्तरेतली पहिलीच थंडी सोसणारा माणूस अशीच मफलर गुंडाळतो. आणि ते डोळे चक्क हसत होते.

"मी मराठी आहे ते... तुम्हाला कसं कळलं?"

"बोर डोक्यावर पडलं तर किती लागतं, याची काळजी दुसरं कोण करतं?"

आता रागवावं की हसावं हे वैभवीला ठरवता येईना, म्हणून तिने खरं काय ते सांगून टाकलं. ती शेजारच्याच लक्ष्मीबाई नगरची. बाबा, म्हणजे गुलाबराव, एका मंत्रालयात नोकरीला. जानेवारीअखेर निवृत्त होणार, आणि मग सरकारी क्वार्टर सोडायचं; ती नोकरीसाठी इथेच राहणार, पण आई-बाबा साताऱ्याला. म्हणजे आईची इथली ही शेवटचीच संक्रांत. आई दरवर्षी आपल्या छोट्या हॉलमध्ये ओळखीतल्या मराठी बाळांचं बोरन्हाण करायची. तीन बाळं आली की चौथं स्वयंपाकघरात बसायचं. एकदा तरी कॉलनीच्या पार्कात, सगळ्यांच्या सगळ्या बाळांचं बोरन्हाण करायचं, ही तिची जुनी हौस. यंदा वैभवीने पार्क मिळवलं होतं, परवानगी मिळवली होती, आणि बोरांपाशी येऊन गाडं अडलं होतं. ही बोरं बाळाच्या डोक्यावर ओतली तर बोरन्हाणाऐवजी पोलीस केस व्हायची.

त्याने सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला की तो कृष्णात, गडहिंग्लजकडचा. दिल्लीबाहेर, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर आहे. कारखान्याच्या मागे टेकड्या आहेत आणि टेकड्यांवर रानबोरी. बारकी, तांबूस, आंबटगोड बोरं, थेट गावाकडच्यासारखी.

"लागणार नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही डोक्यावर टाकून बघितलीत?"

"आज गेल्यावर बघतो."

नंबर दिले-घेतले गेले. कामासाठीच, अर्थात. संध्याकाळी वैभवीच्या फोनवर एक फोटो आला. दाट केसांत अडकलेलं एक बारकं बोर, आणि खाली दोनच शब्द: 'तपासणी पास.' ती फोनकडे बघून हसली, आणि आईने विचारल्यावर ऑफिसचं काहीतरी आहे असं म्हणाली.

पुढे काय झालं ते चाणाक्ष वाचकाला सांगायला नको. बोरं पिकायला अजून वेळ होता, पण नमुना दाखवायला हवा ना? दर रविवारी कृष्णात आधी बस, मग पिवळ्या लाइनची मेट्रो असं करत मूठभर बोरं घेऊन यायचा. मूठभर बोरांसाठी एवढा प्रवास कोण करतं, असं वैभवीने कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. मार्केटच्या कोपऱ्यावर चहाचा कुल्हड दोन्ही तळव्यांत धरून दोघं उभी राहायची. ती एक बोर खायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची.

"अजून कच्चं आहे."

"मग पुढच्या रविवारी परत आणावं लागेल... काय इलाज?"

"बिल्कुल नाही," ती म्हणायची, आणि दोघंही दुसरीकडेच बघायची.

संक्रांत जवळ आली. एका रविवारी त्याला निरोप देऊन वैभवी हवेत तरंगतच घरी आली, आणि त्याच तंद्रीत तिने कॉलनीच्या ग्रुपवर हिंदीत निमंत्रण टाकलं: 'मकर संक्रांति के दिन शाम चार बजे सब लोग काले कपड़े पहनकर पार्क में इकट्ठा हों.' बस. बोरन्हाण काय, काळं कशाला, एक अक्षर नाही. संक्रांतीला काळं घालतात हे वेगळं सांगावं लागतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का?

पण उत्तरेत सणाला काळं म्हणजे अशुभ. आणि सरकारी कॉलनीत सगळ्यांनी काळे कपडे घालून एका जागी जमायचं म्हणजे दुसरा काय अर्थ होणार? सकाळपर्यंत कॉलनीभर झालं होतं की मराठी लोक मोर्चा काढताहेत. पलीकडच्या ब्लॉकमधल्या एका सज्जनांनी जिन्यात गुलाबरावांना गाठून, मागण्या नेमक्या काय आहेत आणि नाव न देता पाठिंबा देता येईल का, अशी हळूच चौकशीही केली. गुलाबराव घरी येऊन पोट धरधरून हसले. पण दुपारी कॉलनीच्या असोसिएशनचे अध्यक्ष सहरावतजी यांचा फोन आला आणि हसणं थांबलं. नोकरीवाले लोक आहोत आपण, असला प्रकार पार्कात नको, असं म्हणून त्यांनी परवानगीच रद्द केली. खुलासा ऐकायला ते थांबलेच नाहीत.

वैजयंती, म्हणजे वैभवीची आई, तेव्हा परातीत हलवा करत होती. तिळावर पाकाचा एकेक थेंब सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, तासन्‌तास. तिने मान वर केली नाही.

"जाऊ दे गं. घरातच करू की," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती ते अगदी हळू म्हणाली. आईची एवढी एकच हौस, आणि ती आपल्याच तंद्रीने घालवली. तिने खोलीत जाऊन कृष्णातला फोन केला आणि सगळं सांगितलं. बोरं आणू नका म्हणाली.

"बोरं काढून झाली," तो म्हणाला. "कोपरापर्यंत काटे लागलेत. आता मला थांबवू नका."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, उत्तरेतल्या लोहडीच्या सणाला, उन्हं उतरायच्या आत, तो पाठीवर बोरांचं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. मेट्रोच्या तपासणीत गाठोडं उघडायला लावलं म्हणे, आणि तपासणाऱ्यानेही दोन बोरं तोंडात टाकली. आईने त्याला बसवलं, चहा दिला, तिळाच्या वड्या दिल्या. त्याच्या मनगटावरचे ओरखडे बघून वैभवीने सुई आणली आणि खिडकीपाशी त्याचा हात आपल्या हातात घेतला. एक काटा अगदी आत रुतला होता.

"हलू नकोस."

तो हलला नाही. पण त्या 'नकोस'वर त्याने एकदम वर बघितलं, आणि तिलाही कळलं की आपण 'तुम्ही' मागेच कुठेतरी सोडून आलो. काटा केव्हाच निघाला होता. हात मात्र दोघांपैकी कुणीच काढून घेतला नाही.

आई परातीवर वाकलेलीच होती. ती आपलं आपल्याशी बोलावं तसं सांगत होती की हलव्याला असा काटा दिल्लीच्याच थंडीत येतो, साताऱ्याला नुसते गुळगुळीत मणी होतात. बाळांचे मुकुट, हार झालेत. पण नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीचे मोठे दागिने करून वर्षं लोटली. बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा... एकेक दाणा दोऱ्याने बांधायचा. आता हात चालताहेत तोवर कुणीतरी करायला सांगायला हवं. कृष्णात परीक्षेला बसल्यासारखा ऐकत होता.

बाहेर पार्कात लोहडीची लाकडं रचली जात होती. वैभवी उठली.

"मी बोलते त्यांच्याशी."

"मी येऊ?"

"ये. पण बोलायचं मी."

"मी फक्त हमाल," म्हणत त्याने गाठोडं उचललं.

धुक्यात शेकोटी नुकती धरली होती. लोक तिच्याभोवती फिरून रेवड्या, शेंगदाणे टाकत होते. वैभवी जवळ आली तशी कुजबुज सुरू झाली. सहरावतजी नातवाला कडेवर घेऊन उभे होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या सुनेला झालेला हा राजवीर, त्यामुळे त्याला वारा लागला तरी घर गोळा व्हायचं. सहरावतजींनी तिला बघूनच मान हलवली.

"बेटा, वो बात ख़त्म हो गई. त्योहार के दिन काले कपड़े... अच्छा लगता है?"

वैभवीने तोंडपाठ करून आणलेलं सगळं भाषण त्या क्षणी तिला सोडून गेलं. ती नुसतीच राजवीरकडे बघत राहिली. जाळाच्या उजेडात त्याचे गाल लाल दिसत होते, आणि कपाळाच्या कडेला काजळाचा ठळक, गोल टिपका होता.

"अंकल, ये काला टीका किसने लगाया?"

"इसकी दादी ने. नज़र ना लगे."

"बस, हमारे यहाँ भी यही है," वैभवी म्हणाली. "बच्चे की पहली संक्रांति होती है ना, तो हम एक टीके पर नहीं छोड़ते. पूरा झबला ही काला पहनाते हैं. और साथ में सब काला पहनते हैं... कि नज़र हम पर लगे, उस पर नहीं."

सहरावतजींनी नातवाच्या टिक्याकडे बघितलं. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, मागून पुढे येत. मग बाळाला करतात काय, हे त्यांना सविस्तर हवं होतं. वैभवीने सांगितलं. कृष्णातने, न बोलण्याचं वचन पाळत, नुसतं गाठोडं उघडलं. दादींनी एक बोर घेतलं, आधी स्वतःच्या डोक्यावर टाकून बघितलं, आणि मग हलकेच राजवीरच्या टाळूवर सोडलं. राजवीरने डोळे मोठे केले. आणि खदखदून हसला. दादींनी दुसरं टाकलं. तो आणखी हसला. मग आजोबांनीही एक टाकून पाहिलं, आणि तिथेच अध्यक्ष हरले.

त्या रात्रीचा ग्रुपवरचा निरोप खुद्द सहरावतजींनी लिहिला: 'कल चार बजे, पार्क में, सब काले कपड़ों में. बच्चों की नज़र उतरेगी. मैं स्वयं काले कोट में आऊँगा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं विरलं आणि ऊन पडलं. पार्क काळंभोर झालं होतं. काळे कोट, काळे स्वेटर, शाळेचे काळे ब्लेझर. सणाला घालता येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं पेटीत पडलेले मखमली सूट पंजाबी मावश्यांनी थाटात बाहेर काढले होते. सतरंजीवर एका ओळीत बाळं बसली, काळ्या झबल्यांत, डोक्यावर हलव्याचे मुकुट. कुणी मल्याळी, कुणी बंगाली, कुणी बिहारी, आणि मधोमध राजवीर सहरावत. वैजयंतीने पहिलं सूप उचललं आणि बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा असा पाऊस पाडला. त्यात लोहडीच्या उरलेल्या रेवड्याही पडल्या, नको म्हणायला कुणालाच वेळ नव्हता. बाळं किंचाळून हसत होती, मोठी मुलं बोरांवर तुटून पडत होती, आणि आई... आई अशी हसत होती की वैभवीने तिला तशी कधी बघितलीच नव्हती. एकामागून एक सगळ्या बायकांनी तिला मिठी मारली. वैभवीला वाटलं, जिंकलो. अगदी मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटलं.

सुपं रिकामी झाली तेव्हा कृष्णात शेजारी येऊन उभा राहिला. केसांत चुरमुरे होते.

"झालं तुझं काम," ती म्हणाली. "आता रविवारी यायला कारण नाही."

"हं... तेच शोधतोय सकाळपासून."

"सापडलं?"

तो वळला. सरळ वैजयंतीपाशी गेला, तिळगूळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, ते मोठे दागिने... पुढच्या संक्रांतीला कराल का?"

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. पुढच्या वर्षी आम्ही साताऱ्याला असू, म्हणाली, आणि तिथे हलव्याला काटा येत नाही.

"म्हणून तर. करायला इथंच यावं लागेल तुम्हाला."

आता आजूबाजूचे सगळे इकडेच बघत होते. गुलाबरावांनी चष्मा काढून पुसला. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमत होतं, पण तिने ते फुटू दिलं नाही.

"येईन की. पण माप कुणाचं घ्यायचं?"

एवढं बोलणारा कृष्णात आता हातातला तिळगूळच न्याहाळू लागला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. वैभवीने क्षणभर वाट बघितली. मग काळ्या स्वेटरची बाही वर सारली आणि आपलं मनगट आईपुढे धरलं.

"माझं घे," ती म्हणाली.

"चला," गुलाबराव सहरावतजींना म्हणाले, "मोर्चाची एक मागणी तरी मान्य झाली."

आईने कमरेला खोचलेला, हलवा बांधायचा दोरा काढला, लेकीच्या मनगटाभोवती फिरवला आणि गाठ मारली.