फ्रीजरमधला मासा

"आजोबा, बर्फाच्या बेटावरच्या दगडात कोमट समुद्रातला मासा कसा?" चार्वीने विचारले.

नाशिकच्या घरी टेबलावर एक गोटा होता. चार्वीची आजी आणि आजोबा दोघेही जीवाश्मांचे (दगड झालेल्या जुन्या जीवांचे) अभ्यासक. आजीने उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावरून एक ट्रंकभर गोटे आणले होते. मग ती वारली. आजोबांनी ट्रंकेतून हा एकच गोटा काढला. हा बिघडला तर ट्रंक पुन्हा उघडायची नाही, असे त्यांनी ठरवले होते.

"डायनासोरांच्या युगाच्या सुरुवातीला ते बेट बरेच दक्षिणेला होते," आजोबा म्हणाले. "जमीन सरकते, नखे वाढतात तितक्या सावकाश. शिवाय तेव्हा सगळी पृथ्वीच उबदार होती."

"मग मासा दगडात शिरला कसा?"

"मेला आणि तळाच्या चिखलात पडला. तिथे प्राणवायू नव्हता, म्हणून त्याला खायला कोणी आले नाही. कुजताना त्यातून निघालेल्या द्रव्यांनी भोवतीचा चिखल घट्ट झाला. स्वतःची डबी त्यानेच बनवली."

"मी फोडू? एकच ठोका," टाक्या म्हणाला. तो घरातला यंत्रमानव.

"मागे नारळ फोडलास, त्याची चटणीच झाली," चार्वी म्हणाली. "आजी कसे फोडायची?"

"फोडायची नाही. पाण्यात भिजवून बाहेर ठेवायची. रात्री गोठायचे, दिवसा वितळायचे. पण इथे कुठली तशी थंडी?"

चार्वीने फ्रीजकडे पाहिले. "माझी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये फुटली होती."

"पाणी गोठले की फुगते म्हणून." आजोबांनीही फ्रीजकडे पाहिले. "माशाभोवती बारीक फट असते. पाणी तिथे शिरते, गोठते आणि आतून दगड ढकलते."

फ्रीजरमधली कुल्फी एका कोपऱ्यात गेली. गोटा रोज भिजला, गोठला, वितळला. टाक्या रोज विचारी, "आता ठोका?"

एका सकाळी वाडग्यात गोट्याची दोन अर्धी पडलेली दिसली. एकात मासा, चौकोनी खवल्यांचा. दुसऱ्यात त्याचा ठसा.

आजोबांनी खवल्यांवरून बोट फिरवले. "ती म्हणायची, यात आहेच."

मग ते उठले आणि ट्रंकेची कडी काढली.

"चार्वी, ती कुल्फी संपवून टाक. जागा लागेल."